जाते, घंटी आणि खेळातले दळण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, शिक्षणावर, समाजसुधारकांवर व्याख्याने झाली. आज मी मात्र मुलांच्या हातातील मोबाइलवरच्या खेळांविषयी बोलणार आहे. गुरुजींच्या नावाला हा विषय शोभेल काय, अशी शंका काहींच्या मनात येईल; ती माझ्याही मनात आली होती. परंतु विद्यार्थी ज्या गोष्टीत आपला वेळ घालवतो ती गोष्ट शिक्षकाला कळली पाहिजे, मग ती आवडो वा न आवडो, असे गुरुजी आम्हा तरुण शिक्षकांना नेहमी सांगत. त्या शब्दाला धरून मी हा विषय घेतला आहे. शिवाय या विषयाशी माझी एक जुनी चूक निगडित आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगा पहिल्याच तासाला डुलक्या घेत असे. चौकशी केली तेव्हा कळले की तो रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर खेळतो. एके दिवशी मी भर वर्गात त्याला उभे केले आणि म्हणालो, "काय रे, रात्रभर रिकामं दळण दळत बसतोस?" वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. खाली मान घालून म्हणाला, "दळणच आहे सर. पण इथं दळलेलं कुणी कापून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ते हिऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होते. खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्या लोकांत मागावर उभे राहणारे पुष्कळ, घंटीवर बसणारे थोडे. त्या थोड्यांतले हे एक. त्यांच्यासमोर मी मुलाला तो खेळ दाखवायला सांगितले. पडद्यावर एक जंगल होते. मुलाचा वीर तिथली रानडुकरे मारत होता. एक मेले की दुसरे, दुसरे मेले की तिसरे. प्रत्येकामागे काही गुण मिळत आणि पडद्याच्या तळाशी एक पट्टी केसभर पुढे सरके. वडील बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सर, हे तर माझंच काम झालं. फक्त याला मजुरी नाही."

मुलाचे वाक्य आणि बापाचे वाक्य, ही दोन्ही त्या दिवसापासून माझ्या मनात शेजारी शेजारी बसलेली आहेत. दोन्ही खरी आहेत आणि तरीही ती एकमेकांशी भांडतात. आजचे व्याख्यान म्हणजे त्या भांडणाचा निवाडा करण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. या खेळांत खेळणारा एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो आणि इंटरनेटच्या द्वारे हजारो इतर खेळाडूंबरोबर एकाच कल्पित प्रदेशात वावरतो. वीराची शक्ती वाढावी म्हणून तीच ती क्षुल्लक कृती शेकडो वेळा करणे याला जगभरचे खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात. ग्राइंडिंग म्हणजे दळणे. आपणही मराठीत कंटाळवाण्या पुनरुक्तीला 'दळण दळणे' म्हणतोच. आणि ज्या सुरत शहरात आपण बसलो आहोत तिथे तर या शब्दाला तिसरा अर्थ आहे. मराठीत घंटी म्हटले की कानाला घंटा आठवते. गुजरातीत मात्र घंटी म्हणजे जाते. हिरा ज्या फिरत्या लोखंडी तबकडीवर घासतात तिलाही इथे घंटीच म्हणतात. तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी त्या तबकडीवर माखलेली असते, आणि सहसा चौघे कारागीर तिच्याभोवती बसतात. गोल तेजस्वी घाटाच्या हिऱ्याला सत्तावन्न पैलू असतात. त्यांतले तेहतीस वरच्या अंगाला आणि चोवीस खालच्या. तळिया घासणारा वेगळा, मथाळा घासणारा वेगळा. म्हणजे एकेका कारागिराने आयुष्यभर तेच ते पैलू पाडायचे. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असे म्हणतात. पुनरावृत्तीचे काम म्हणजे काय, हे सुरतकराला बाहेरच्याने शिकवायला नको.

मग दिवसभर असे काम करणाऱ्या घरातला मुलगा रात्री पुन्हा तसलेच काम हौसेने का करतो? आळसाने करतो म्हणावे, तर आळशी माणूस एकच कृती पाचशे वेळा करीत नाही. उत्तर त्या खेळाच्या रचनेत आहे. ती रचना मी नंतर समजून घेतली. गणिताचा शिक्षक असल्यामुळे ती समजताना मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली.

या रचनेचा उगम संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. पराक्रमाबद्दल वीराला 'अनुभवाचे गुण' द्यायचे आणि ठरावीक गुण साठले की त्याला वरच्या पायरीवर चढवायचे, ही कल्पना त्या खेळाने रूढ केली. अनुभवासारखी अदृश्य गोष्ट मोजता येऊ लागली. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी एकत्र खेळायचा संगणकीय खेळ 'मड' रचायला घेतला, आणि ऑनलाइन खेळांची परंपरा सुरू झाली. पुढे १९९६ साली बार्टल यांनी खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले आणि त्यांना पत्त्यांतील चार रंगांची नावे दिली: लोकांत रमणारे ते बदाम, खणून शोध घेणारे ते इस्पिक, इतरांवर प्रहार करणारे ते किलवर, आणि गुण, संपत्ती, पायऱ्या साठवणारे ते चौकट. चौकटला इंग्रजीत हिराच म्हणतात. आपल्या शहराला हा योगायोग गोड वाटावा.

आता पायऱ्यांचे गणित पाहा. २००१ साली केंब्रिजमधील गोवर बंधूंनी 'रूनस्केप' नावाचा खेळ सुरू केला. त्यात लाकूड तोडणे, मासे पकडणे अशी कौशल्ये आहेत आणि आरंभी प्रत्येकाच्या नव्व्याण्णव पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीला ८३ गुण पुरतात. नव्व्याण्णवाव्या पायरीला एकूण १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१ गुण लागतात. आणि ब्याण्णवाव्या पायरीला? ६५ लाख १७ हजार २५३. विद्यार्थिमित्रहो, भागाकार करून पाहा. ब्याण्णव पायऱ्या चढलेला माणूस बरोबर निम्म्या वाटेवर असतो. दर सात पायऱ्यांना लागणारे श्रम सुमारे दुप्पट होतात, म्हणून असे घडते. बुद्धिबळाच्या पटावरील प्रत्येक घरात दुप्पट गहू मागणाऱ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. हा तोच पट आहे. पहिल्या पायऱ्या मिनिटांत मिळतात. सवय लागते. आणि वाट लांबत चालली आहे हे लक्षात येईपर्यंत इतके श्रम गुंतलेले असतात की सोडवत नाही.

मधेच सोडू नये यासाठी आणखी योजना असतात. अर्धी भरलेली पट्टी माणसाला स्वस्थ बसू देत नाही. २००६ साली न्यून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी मोटारी धुण्याच्या एका केंद्रात प्रयोग केला. काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड दिले. काहींना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही शिक्के आठच हवेत. कोरे कार्ड पूर्ण करणारे शेकडा एकोणीस निघाले, आणि 'सुरुवात झालेले' कार्ड पूर्ण करणारे शेकडा चौतीस. खेळाची पट्टी कधी पूर्ण रिकामी का दिसत नाही, ते यावरून कळेल.

शब्दांचीही अशीच किमया. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या चाचणीच्या वेळी रचनाकारांनी एक नियम केला होता: बराच वेळ सतत खेळल्यास मिळणारे गुण निम्मे होतील. हेतू चांगला होता, मुलांनी विश्रांती घ्यावी. खेळाडू चिडले. मग रचनाकारांनी बोलणेच पालटले. विश्रांती घेऊन येणाऱ्याला दुप्पट गुण, आणि ती शिल्लक संपली की नेहमीचे. हिशेब जवळजवळ तोच. पण जो दंड वाटत होता तो आता बक्षीस वाटू लागला, आणि तक्रार थांबली. माणसाशी कसे बोलावे, हे या मंडळींना आपल्या पुष्कळ शिक्षकांहून चांगले कळते, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

तिसरी योजना दैवाची. एखादे दुर्मीळ शस्त्र शंभरात एकदा मिळते असे समजा. मुलांना वाटते, शंभर वेळा राक्षस मारला की ते मिळणारच. संभाव्यतेचा धडा मी त्यानंतर याच उदाहरणाने शिकवू लागलो. शंभर प्रयत्नांनंतरही शंभरातील सदतीस जण रिकाम्या हाताने उभे असतात, दोनशेनंतरही तेरा. आणि एकशे एकाव्या खेपेला शक्यता पुन्हा शंभरात एकच, कारण दैवाला मागचे आठवत नाही. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ सालच्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर पक्षी न थांबता चोच मारीत राहतो. ठरावीक खेपांनंतर दाणा मिळत असेल, तर तो दाण्यानंतर क्षणभर विसावतो. हा 'विसावा' लक्षात ठेवा. माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे.

परंतु या सगळ्या युक्त्याच आहेत आणि मुले फसतात, एवढे म्हणून थांबलो तर त्या मुलाच्या वाक्यावर अन्याय होईल. 'इथं दळलेलं कुणी कापून घेत नाही.' नगावर मजुरी घेणाऱ्या घरातला तो मुलगा. त्याने घरात काय ऐकले असेल? अमुक हिऱ्याला खोट निघाली म्हणून पैसे कापले. बाजार मंद आहे म्हणून दर उतरला. २००८ सालच्या जागतिक मंदीत याच शहरात हजारो हातांचे काम गेले, आणि त्यात त्या हातांचा कसलाही दोष नव्हता. ज्यांच्या घरी आई साडीचे धागे कापते किंवा टिकल्या चिकटवते, त्या मुलांनाही हे नवे नाही. श्रम केले तेवढे फळ, लगेच, डोळ्यांसमोर, आणि एकदा मिळाले ते परत जाणार नाही, हा करार त्या मुलाला जगात कुठेच दिसला नव्हता. तो त्याला खेळात दिसला. ही भूक विकृत नाही. ती न्यायाची भूक आहे.

शिवाय हे दळण एकट्याचे नसते. मोठे राक्षस एकट्याने मरत नाहीत. जमाव लागतो, ठरलेली वेळ पाळावी लागते, एकमेकांसाठी थांबावे लागते. हात यंत्रवत चालू असताना गप्पा होतात. हे वाचताना मला माझ्या आजीचे जाते आठवले. पहाटे दोन बायका समोरासमोर बसत, खुंटा दोघींच्या हातांत, आणि ओव्या सुरू होत. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनी 'घरोटा'वर, म्हणजे जात्यावर, गाणे रचले. तेच ते करणाऱ्या हातांतून एवढे काव्य निघाले, तेव्हा पुनरावृत्ती म्हणजे बुद्धीचा नाश असे सरसकट म्हणता येत नाही. अर्थात जात्याचे उदात्तीकरणही नको. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा एकाही बाईने अश्रू ढाळले नाहीत, हे आजीनेच मला सांगितले आहे.

तर मग जाते, घंटी आणि खेळ यांत फरक कोणता? माझे उत्तर असे आहे. जाते थांबते. सुपातले धान्य संपले की दळण संपते, आणि खाली पीठ पडलेले असते. घंटी थांबते. सत्तावन्नावा पैलू पडला की हिरा पुरा होतो. खेळातले जाते मात्र थांबू नये म्हणूनच घडवलेले आहे.

आरंभी असे नव्हते. बार्टल यांच्या 'मड'मध्ये पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू 'जादूगार' बनत असे. तो खेळ जिंकल्यासारखेच होते, तिथे चढण संपे. पुढे खेळ मासिक वर्गणीवर चालू लागले आणि शेवट परवडेनासा झाला. 'वॉरक्राफ्ट'ची शेवटची पायरी आरंभी साठावी होती. २००७ साली ती सत्तरावी झाली, २००८ साली ऐंशीवी, आणि २०१८ सालापर्यंत एकशे विसावी. आकडे इतके फुगले की २०२० साली रचनाकारांनी ते दाबून एकशे विसाव्या पायरीवरील वीरांना पन्नासाव्यावर आणले, आणि शेवटची पायरी पुन्हा साठावी केली. सोळा वर्षे चढून माणसे निघाली तिथेच आली! २००२ साली 'प्रोग्रेस क्वेस्ट' नावाचा एक विडंबनात्मक खेळ निघाला होता. त्यात वीर निर्माण केला की खेळणाऱ्याला काहीच करायचे नसते. संगणकच राक्षस मारतो आणि पट्ट्या भरतो. विनोद होता, पण हाडापर्यंत पोचणारा.

त्यानंतर आलेल्या अनेक फुकट खेळांनी आणखी एक पाऊल टाकले. आधी दळण मुद्दाम जड करायचे आणि मग ते टाळण्याची सोय पैशाने विकायची. म्हणजे जात्याचा दगड आपणच खडबडीत करायचा आणि वंगणाचे दुकान शेजारी मांडायचे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली. ते योग्यच झाले. परंतु आजचा आपला खेळ पैसे लावायला सांगत नाही. तो आयुष्याचे तास लावायला सांगतो, आणि तासांचा कायदा ज्याचा त्यानेच करायचा असतो.

वडिलांच्या वाक्याचाही विचार करू: 'फक्त याला मजुरी नाही.' मजुरी मिळाली असती तर प्रश्न सुटला असता काय? तसे घडून गेले आहे. २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने एका खेळातील वस्तूंच्या खऱ्या विक्रीवरून हिशेब केला, तेव्हा तिथल्या एका तासाच्या श्रमाचे मोल सुमारे साडेतीन डॉलर भरले. पुढे चीनमध्ये तरुण मुले बारा-बारा तासांच्या पाळ्यांत खेळातले सोने दळू लागली; ते सोने श्रीमंत देशांतील खेळाडू विकत घेत. २००७ साली ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्यांची हकिगत लिहिली. तिच्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. पाळी संपल्यावर त्यांतली काही मुले करमणुकीसाठी तोच खेळ खेळत. कृती तीच, पडदा तोच. पण मालकासाठी केले ते काम, आणि स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वीरासाठी केले तो खेळ. तेव्हा मजुरी हा अंतिम निकष नव्हे. आपल्या हाताने केलेले आपले असावे, ही ओढ मजुरीहून खोल आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, मी तुम्हाला 'खेळू नका' असे सांगणार नाही. दोन प्रश्न मात्र देतो. खेळ बंद केल्यावर सुपाखाली काय पडलेले असते? मैत्री, कौशल्य, थकल्या दिवसानंतरचा विसावा, यांतले काही असेल तर ते पीठच आहे. मोजून घ्या आणि उठा. आणि दुसरा प्रश्न: आता पुरे, हे कोण ठरवते? कबुतराला दाण्यानंतरचा जो विसावा मिळतो, तो तुम्हाला मिळू नये म्हणून कुणीतरी पगार घेऊन विचार करीत असेल, तर तो विसावा तुम्हीच हट्टाने घेतला पाहिजे.

आणि शिक्षकमित्रहो, आपल्यासाठी एकच प्रश्न. तो खेळ मुलाच्या प्रत्येक कृतीची दखल तत्क्षणी घेतो. मी त्या वर्षी नववीच्या वह्या तीन-तीन आठवडे कपाटात ठेवीत असे. मुलाने वीस गणिते सोडवली, त्यांतली सतरा बरोबर होती, हे त्याला कळेपर्यंत तो ती गणिते विसरलेला असे. माझ्या जात्याखाली पीठ पडत होते, पण ते मी त्याला दाखवतच नव्हतो. गुरुजींची रीत निराळी होती. संध्याकाळी नेलेल्या वह्या सकाळी परत येत, आणि प्रत्येकीत लाल शाईची एक ओळ असे: कालच्यापेक्षा आज काय सुधारले. गुण एखादेच वेळी असत, ती ओळ मात्र चुकत नसे. गुरुजींनी यातला एकही खेळ पाहिला नव्हता. पण त्या खेळांना जे उशिरा कळले ते त्यांना आधीपासून ठाऊक होते. फरक एवढाच की त्यांचे दळण दहावीला संपत असे आणि मूल आपल्या वाटेने निघून जाई. निघून जावे, हाच त्यांचा हेतू असे.

त्या मुलाला मी नंतर फारसे समजावू शकलो नाही. तो दहावी झाला आणि गेला. वर्गातल्या त्या हशानंतर माझ्याशी मोकळेपणाने कधी बोलला नाही. आज माजी विद्यार्थ्यांत तो बसला आहे की नाही, मला ठाऊक नाही. बसला असेल तर त्याला सांगतो: बाळ, तुझे उत्तर बरोबर होते, प्रश्न माझा चुकला होता. चारचौघांत केलेल्या त्या विनोदाची माफी मी आज चारचौघांतच मागतो.